खुशालीची दुसरी फेरी

कमलीबाईच्या रविनाचं लग्न झालं ते दोन हजार चोवीस सालच्या होळीनंतर, आणि त्याच उन्हाळ्यात नंदुरबारच्या ऑफिसात ते बोलणारं मशीन आलं. म्हणून कमलीबाईला दोन्ही गोष्टी एकदमच आठवतात. लेक सासरी गेली आणि आवाज मशीनमध्ये गेला. लेकीच्या वेळी ती रडली होती. आवाजाच्या वेळी मात्र हसली होती.

कमलीबाई धडगावच्या वरच्या डोंगरातली, पावरा आदिवासी. नवरा गुजरातेत विहिरीच्या कामावर दरडीखाली गेला तेव्हा रविना झोळीत होती. लेकीला पाठीशी बांधून ती नंदुरबारला उतरली, मिरची वाळवायच्या पथारीवर देठं खुडत राहिली, हात भाजत राहिले. पुढे एका संस्थेला पावरी बोलणारी बाई हवी होती, तिथे लागली. संस्थेचं नाव सांगून उपयोग नाही. पाटी बदलली तरी आतला कारभार तोच असतो. काम असं, की डोंगरातल्या गरोदर बायांना आठवड्यातून एकदा फोन करायचा, तब्येत विचारायची आणि काही वाईट दिसलं तर दवाखान्याच्या गाडीला सांगायचं. गाडी जवळच्या फाट्यावर जाऊन उभी राहायची.

ऑफिसात भाषेभाषेच्या बाया बसत. भिलीची एक, इकडच्या आदिवासी कोकणीची एक, आणि अहिराणीची सरलाबाई. सरलाबाईची जीभ अशी, की फोन ठेवल्यावर पलीकडच्या बाईचं दुखणं निम्मं झालेलं असायचं, आणि शेजारी बसलेल्या बाईचं दुप्पट.

कमलीबाईचे फोन सगळ्यात लांबायचे. साहेब होते हेमकांत. स्वभावाने वाईट नव्हते, पण घड्याळ बघायची खोड.

"कमलीताई, एका फोनला एवढा वेळ? तुम्ही बैलांची चौकशी करता म्हणे?"

"करावी लागते साहेब."

"बैल गरोदर आहे का?"

सगळे हसायचे. कमलीबाईही हसायची. तिच्या खोऱ्यात दुसरं काही चालतच नाही, हे तिला कधी सांगावंसं वाटलं नाही. तिकडे पाहुणा आला की खाट टाकतात, पाणी देतात. पाहुण्याने विचारायचं, बरं का? घरच्याने म्हणायचं, बरं. घरात माणूस शेवटचा श्वास घेत असलं तरी पहिल्या फेरीला बरंच म्हणायचं. आल्याआल्या पाहुण्याच्या अंगावर आपलं दुःख टाकणं म्हणजे त्याला दारातून हाकलणं. मग बैल कसे, पाऊस कसा, ज्वारी कशी. मग पाहुण्याने थोडं थांबून पुन्हा विचारायचं, बरं का? त्या दुसऱ्या फेरीला दुखणं बाहेर येतं. आणि विहिणी-विहिणींत तर हे फारच कडक. लेकीच्या आईला तिच्या लेकीचं वाईट पहिल्या फेरीत सांगणारी सासू सगळ्या पाड्यात उद्धट ठरते.

कमलीबाई फोनवर हेच करायची. दोन फेऱ्या. आपण काही विशेष करतो असं तिला वाटत नव्हतं.

मशीन आलं तेव्हा हेमकांत साहेबांनी सगळ्या बायांना चहा पाजला. म्हणाले, हे एआय आहे, आपल्या माणसांसारखं बोलतं, ऐकतं, उत्तर समजून घेतं. पण त्याला आधी आवाज द्यावा लागतो. पावरीसाठी कमलीताईंचा आवाज ठरलाय.

"मग आम्ही काय करायचं?" भिलीवाल्या बाईने विचारलं.

"ते पुढे बघू," साहेब म्हणाले. चहा संपायच्या आतच सरलाबाईला कळून चुकलं.

"पी ले व माय पी ले," ती कमलीबाईच्या कानाशी लागली, "हाऊ आपला दहावाना चहा शे."

कमलीबाईने होकार द्यायला वेळ घेतला. साहेबांनी तिला आत बोलावून घेतलं. "ताई, तुमची मुलगी आता सासरी गेली. उद्या तिला दिवस राहतील. तुम्ही इथे असा-नसा, आजारी पडा, काही होवो, तिला दर आठवड्याला तुमच्याच आवाजात फोन जाईल. आई सोबत असल्यासारखं."

या एका बोलण्यावर तिने सही केली. रविना तिची एकुलती एक. रविनाचं सासर डोंगराच्या पार टोकाला, कुंडीआंबा पाड्यात, जिथून रस्त्याला लागायला माणसाला झोळीत घालून अर्धा दिवस उतरावं लागतं. तिचं पहिलं बाळंतपण नीट व्हावं, एवढंच कमलीबाईला आता आयुष्याकडून घ्यायचं राहिलं होतं.

भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत तिला बसवलं. समोर कागद. बोला: पाय सुजलेत का? बोला: डोकं दुखतं का? बोला: अंगावरून जातं का?

कमलीबाईने कागद खाली ठेवला. "असं दारातच विचारतात का साहेब? उद्या कोणी तुमच्या घरी आलं आणि उंबऱ्यावरूनच तुमच्या बायकोचं असलं काही विचारलं, तर बसवून घ्याल का त्याला?"

काचेपलीकडची पोरं खो-खो हसली. हेमकांत साहेबांचे कान लाल झाले. "मग कसं विचारायचं?"

"आधी म्हणायचं, बेटी, बरं का गं? मग बैलांचं, पावसाचं. मग तुमचं काय ते."

पुण्याहून आलेला मशीनवाला उठून उभाच राहिला. "हेच पाहिजे होतं! याला म्हणतात कल्चर. हे पहिल्यांदा टाका."

आणि टाकलं. कमलीबाईने 'बेटी, बरं का गं' किती तऱ्हांनी म्हटलं म्हणून सांगू: हसून, हळू, काळजीने, लांबून हाक मारल्यासारखं. दुसऱ्या फेरीचं मात्र ती बोलली नाही. तिला कोणी विचारलं नाही, आणि तिलाही सुचलं नाही. श्वास घेताना आता सोडणार आहे असं कोणी सांगतं का?

दिवाळीपर्यंत मशीन सराईत झालं आणि बाया घरी बसल्या. आधी भिलीवाली, मग कोकणीवाली, मग सरलाबाई. कमलीबाईला वाटलं, आवाज आपला, तेव्हा आपल्याला ठेवतील. तिला सगळ्यात शेवटी काढलं, एवढाच काय तो मान.

"ताई, तुम्ही गेलात असं समजूच नका," हेमकांत साहेब मनापासून म्हणाले. "तुमचा आवाज आमच्याकडेच आहे."

बाहेर सरलाबाई आपल्या राहिलेल्या पगाराच्या हिशोबाची वाट बघत उभी होती. म्हणाली, "तुन्हा आवाज त्यास्नी डब्बामा भरी लिन्हा. आते तू रिकामी बरनी. चाल, रिक्षा कर."

कमलीबाई पुन्हा पथारीवर गेली. मिरचीचा हंगाम सरल्यावर शहाद्याकडे, तापीकाठच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याकडे निंदणीला राहिली. मनात कडूपणा होता, नाही असं नाही. पण रविनाला दिवस गेल्याचा निरोप आला तेव्हा तिला वाटलं, चला, निदान याच्यासाठी तरी तो आवाज दिला.

होळीला ती लेकीकडे गेली. कुंडीआंब्यात फोन घरात लागत नाही. पाड्याच्या वर एक काळा दगड आहे, त्यावर बसलं की लागतो. सोमवारी सकाळी मशीनचा फोन यायची वेळ ठरलेली. त्या वेळी पोटुशा बाया आणि त्यांच्या सासवा दगडावर जाऊन बसायच्या. कमलीबाईही गेली.

फोन वाजला. रविनाने तो मोठ्या आवाजावर ठेवला. "बेटी, बरं का गं?"

कमलीबाईचाच आवाज, तिच्याच तोंडासमोर. आणि रविनाची सासू भिकुबाई, जी शेजारी तंबाखू मळत बसली होती, तिने तंबाखू टाकून पटकन डोक्यावर पदर घेतला.

"विहीणबाई, मी तर इथे बसलेय," कमलीबाई म्हणाली. "पदर कोणाला घेताय?"

भिकुबाई गोंधळली, हसली, पण पदर काही खाली घेतला नाही. "असू दे. तुझाच आहे तो. त्याच्यासमोर उघड्या डोक्याने बसू का?"

रविनाला हसू आवरेना. ती नव्या वळणाची, चार बुकं शिकलेली. मशीनशी ती सरळ बोलायची. "बैल बरे आहेत गं मशीन-आई, पण माझा पाय दुखतो." मशीनने ते नीट ऐकून घेतलं, पुढचे प्रश्न विचारले, आणि दोन दिवसांनी आशाताई गोळ्या घेऊन आली. हे खोटं सांगून चालणार नाही. तसं झालं होतं.

"आई, मशीनमधली तुझ्यापेक्षा गोड आहे," रविना म्हणाली. "ती रागवत नाही. पुन्हा पुन्हा खोदून विचारत पण नाही."

कमलीबाई त्यावर हसली. पुढे हेच वाक्य तिला रोज जेवताना आठवायचं होतं.

ऑगस्टच्या शेवटी, एका मंगळवारी संध्याकाळी केळीवाल्या शेतकऱ्याच्या फोनवर जावई वीरसिंग बोलला. एवढंच म्हणाला, "या." कमलीबाईने दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

ती पोचली तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती. भिकुबाई उठून तिच्या गळ्यात पडली नाही. समोर उभी राहिली, आणि म्हणाली, "गाडी का नाही पाठवलीस?"

"कसली गाडी?"

"सोमवारी तू फोन केलास. मी तुझ्याशी बोलले. दिवसभर गाडीची वाट बघितली आम्ही. का नाही पाठवलीस?"

मग वीरसिंगने सांगितलं तेव्हा सगळं कळलं. रविवारपासून रविनाचं डोकं फुटत होतं. तोंड सुजलं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. सोमवारी तिला दगडापर्यंत चढवेना, म्हणून सासू फोन घेऊन गेली. फोन आला. बेटी, बरं का गं? भिकुबाईने पदर घेतला आणि म्हणाली, "मी भिकुबाई बोलतेय, विहीणबाई. सगळं बरं." बैल? बरे. पाऊस? बरा. मग भिकुबाई थांबली. आता विहीण दुसऱ्यांदा विचारेल, तेव्हा सांगायचं. तोंडाशी आलेलं तिने जिभेखाली धरून ठेवलं.

फोनमधून कमलीबाईचा आवाज म्हणाला, "छान. काळजी घ्या. पुढच्या सोमवारी फोन करते."

"मला वाटलं, फोन तुटला," भिकुबाई म्हणाली. "पूर्वी माझ्या पुतणीच्या वेळी तू असंच केलं होतंस. बोलणं अर्धं राहिलं होतं, तरी तुला समजलं होतं. गाडी फाट्यावर उभी होती. मला वाटलं, परक्या बाईचं समजतं, तर स्वतःच्या लेकीचं समजणार नाही का?"

"मी म्हटलं होतं आईला, ते मशीन असतं म्हणून," वीरसिंग जमिनीकडे बघत म्हणाला. "सोमवारीच झोळी बांधू म्हटलं. तर म्हणाली, तुझी सासू गाडी घेऊन येईल आणि आपण वाट न बघता निघालो तर काय वाटेल तिला?"

भिकुबाई आता रडू लागली. "होळीला तू शेजारी होतीस, तेव्हा ते मशीन. पण तू इथे नसताना मशीन कसं असेल? तुझाच आवाज होता. दुसऱ्या कोणाचा असता ना, सरकारी बाईचा, तर मी ओरडून सांगितलं असतं. पहिल्या शब्दालाच सांगितलं असतं. पण विहिणीला कसं सांगायचं, सांग ना?"

कमलीबाईला विहिणीवर रागावताही येईना. भिकुबाईच्या जागी ती असती तर तिनेही तेच केलं असतं.

पुढच्या सोमवारी दिवसांच्या कार्याचं सुरतेकडच्या भावकीला कळवायचं होतं. वीरसिंग, भिकुबाई आणि कमलीबाई दगडावर गेली. वीरसिंग रविनाच्या फोनमध्ये नंबर शोधत होता तेवढ्यात फोन वाजला. विंचू हातात आल्यासारखा त्याने तो झटकला, आणि बोट लागून फोन मोठ्या आवाजावर सुरू झाला.

"बेटी, बरं का गं?"

मग भिकुबाईने डोक्यावर पदर घेतला. कमलीबाईकडे बघतच होती ती, डोळे सुजलेले होते, आणि तरी तोंडातून शब्द आला, "बरं."

"बैल कसे आहेत?"

"बरे."

"पाऊस कसा आहे?"

कमलीबाईने फोन ओढून घेतला. "रविना मेली!"

फोन जरा थांबला. "मला नीट समजलं नाही. पुन्हा सांगशील का बेटी?"

"मेली! तुझ्यामुळे मेली! माझ्यामुळे मेली!"

"मला नीट समजलं नाही," कमलीबाईचा आवाज कमलीबाईला म्हणाला, अगदी मायेने, गाद्यांच्या खोलीत तिने स्वतःच ओतलेल्या मायेने. "काही हरकत नाही बेटी. काळजी घ्या. पुढच्या सोमवारी फोन करते."

तिघंही सुरतेला फोन न करताच उतरली.

नंदुरबारला ऑफिस पूर्वीचंच होतं, फक्त खुर्च्या रिकाम्या. हेमकांत साहेबांनी तिला बसवलं, पाणी मागवलं, खरोखर वाईट वाटलं त्यांना. मग त्यांनी संगणकात बघितलं.

"ताई, यात मशीनची चूक दिसत नाही हो. हे बघा, त्याने विचारलं. घरच्यांनी सांगितलं, सगळं ठीक. पहिल्यांदाच सगळं ठीक आलं की तब्येतीचे पुढचे प्रश्न गाळायचे असं ठरलंय. नाहीतर ज्यांना खरंच अडचण आहे त्यांच्यापर्यंत वेळेत पोचता येत नाही. कामाला बाया कमी झाल्यात ना आता."

"आमच्यात पहिल्यांदा सगळं ठीकच म्हणतात."

"मग दुसऱ्यांदा विचारायचं हे तुम्ही तेव्हा सांगायचं होतं." ते आवाज चढवून बोलले नाहीत. म्हणून ते जास्त लागलं. "बैलांचं सांगितलंत, पावसाचं सांगितलंत. आम्ही सगळं टाकलं."

"हो," कमलीबाई म्हणाली. "मीच नाही सांगितलं."

ती भांडायला आली होती, पण भांडणाला हात घालायला जागाच सापडेना. मग तिने एकच मागणं मागितलं. "माझा आवाज परत द्या."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "परत म्हणजे... तो आता वेगळा काढता येत नाही ताई. दुसरा आवाज बसवायचा तर वरून मंजुरी लागेल. दुसऱ्या फेरीचं मात्र मी नक्की कळवतो. चांगली सूचना आहे."

सूचना, असं म्हणाले ते.

बाहेर आल्यावर तिने एका चहावाल्याचा फोन मागून सरलाबाईला लावला. सरलाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच तिला टोमणा सुचला नाही. एवढंच म्हणाली, "माय, तू आते काय करशी?"

कमलीबाईने निंदणीचं काम सोडलं. जिथे जिथे तिचा आवाज गेला होता तिथे तिथे ती मागून चालत निघाली. पाड्यापाड्यात जायची आणि बायांना गोळा करून सांगायची, "सोमवारी फोनवर मी बोलत नाही. ते मशीन आहे. त्याला खुशाली सांगू नका. आधी दुखणं ओका. बैल विचारले तर शिवी द्या."

बाया खाट टाकायच्या, पाणी द्यायच्या, माना डोलवायच्या. एका पाड्यात नवव्या महिन्यातली पोर दाराच्या खांबाला टेकून उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. "मावशी, तुझ्या आवाजाला कशी गं शिवी देऊ?"

"आत्ता देऊन बघ. समज मी फोन आहे." कमलीबाईने आवाज बदलला, म्हणजे आपलाच काढला. "बेटी, बरं का गं?"

पोर लाजली. "बरं, मावशी."

"शिवी दे म्हटलं ना?"

"नाही येत गं."

"बैल कसे?"

"बरे."

"पाऊस?"

"बरा आहे."

कमलीबाई खाटेवर टेकली. आजूबाजूच्या बाया हसत होत्या. मग तिने त्या पोरीच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि हळूच पुन्हा विचारलं, "बरं का?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सकाळपासून डोकं फार दुखतंय, मावशी. तुला कसं सांगू, तू तर आत्ताच आलीस."

कमलीबाईने त्याच पावली झोळी बांधायला लावली आणि तिच्याबरोबर फाट्यापर्यंत उतरली. ती पोर वाचली. तिच्या घरचे म्हणतात, कमलीबाई देवासारखी आली. कमलीबाईला ते ऐकवत नाही. ती एका दिवसात एका पाड्यात जाते. तिचा आवाज एका सकाळी सगळ्या डोंगराला विचारून मोकळा होतो. आणि सगळा डोंगर त्याला पदर घेऊन सांगतो, बरं.

रविना वीरसिंग पावरा, वय वर्षं वीस, दोन हजार पंचवीसच्या ऑगस्ट महिन्यातल्या शेवटच्या मंगळवारी दुपारी, कुंडीआंब्याहून फाट्याकडे नेताना झोळीत वारली. तिच्या पोटातलं मूलही तिच्याबरोबर गेलं.